पावती कोणाच्या नावाने फाडू?

(नर्मदाकाठच्या जीवनशाळांसाठी आणि विस्थापित बायांच्या कामासाठी भुसावळला बायकांनी मिळून भरीत-भाकरीचा एक कार्यक्रम केला. जेवणाआधी आमच्या एका जुन्या कार्यकर्तीने केलेलं हे भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. — संपादक मंडळ)

मैत्रिणींनो, आणि मागे दाराशी उभे असलेले भाऊ,

आत या, सतरंजीवर जागा आहे. दारात उभं राहिलं की मधेच सटकता येतं, हे मला ठाऊक आहे. मीही तरुणपणी सभांना तशीच उभी राहायची.

मला वीस मिनिटं दिली आहेत. बाहेर वांगी भाजली जातायत, तुराट्यांचा धूर इथवर येतोय, तेव्हा वीसच्या वर तुम्ही मला बोलूही देणार नाही. वांगी बामणोदची आहेत असं सांगितलंय. कळण्याच्या भाकरी पहाटेपासून थापल्या जातायत. ज्या थापतायत त्या मात्र इथे बसलेल्या नाहीत. विस्थापित बायांवरचं भाषण असलं तरी चुलीशी कोणाला तरी थांबावं लागतंच. म्हणून मी जरा मोठ्याने बोलते, त्यांनाही ऐकू जाऊ दे.

संयोजक मैत्रीण म्हणाली, ताई, लोकांच्या काळजाला भिडेल असं बोला, म्हणजे डबा फिरवायला सोपं जाईल. तीस वर्षं मी तसं बोलत आले. डबे फिरवले, पावत्या फाडल्या, पथनाट्यं केली, पडदा लावून स्लाइड दाखवल्या. त्यात काय चुकलं तेच आज सांगायचं ठरवून आले आहे. डबा त्यानंतर फिरवा.

मी रेल्वेवाल्याची मुलगी. आमच्या घरी बदलीचा कागद आला की आई ट्रंका काढायची. भांडी गोणपाटात, गाद्या दोरीने बांधून, तुळशीचं रोप हातात. नव्या गावी पोचलो की क्वार्टर असायचंच. नळ गळका असेल, पण नळ असायचा. रेशनकार्डावर पत्ता बदलला की आम्ही त्या गावचे. त्यामुळे 'पुनर्वसन' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर क्वार्टरच आलं. लोकांना एका ठिकाणाहून उचलायचं, दुसरीकडे ठेवायचं. त्यात रडायचं काय एवढं? रेल्वेच्या गावात असं वाटणाऱ्या आणखीही असतील, म्हणून हे उघड सांगते.

खरं तर भुसावळला उखडलेला माणूस नवा नाही. फाळणीनंतर सिंधी माणसं आली. कल्याणच्या छावणीत राहिली, त्या छावणीचं पुढे उल्हासनगर झालं, आणि पांगत पांगत जळगावला, भुसावळला आली. सिंधी कॉलनी हे नाव आपण रोज घेतो. रिक्षावाल्याला सांगतो, "सिंधी कॉलनी चल." त्या नावात एक अख्खा प्रांत सुटलेला आहे, हे काही आपल्या डोक्यात येत नाही.

मग १९७१. मी शाळेत होते. बांगलादेशातून कोटभर माणूस सीमा ओलांडून आपल्याकडे आला होता. त्या नोव्हेंबरापासून पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं. सुरुवातीला नवीन तिकीट छापायलाही वेळ नव्हता, कुटुंब नियोजनाच्या तिकिटावरच 'शरणार्थी सहायता' अशी अक्षरं उमटवली होती. आई-बाप-लेकरू असं सुखी कुटुंब आणि त्यावर शरणार्थी! आई माहेरी पत्र लिहायची आणि तिकीट चिकटवताना म्हणायची, "हे त्या बायांचं." १९७३च्या मार्चपर्यंत ते चाललं. देणगी मागायला कोणी दारात आलं नव्हतं, कोणाचं मन वळवायचं नव्हतं. पत्र टाकायचं तर पाच पैसे द्यायचे. आज मला वाटतं, माझ्या आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या निधी-संकलनांत तेच सगळ्यात सरळ होतं. कोणाचे आभार नाहीत, कोणाचा सत्कार नाही.

आता १९९३वर येते. तेव्हा नंदुरबार हा वेगळा जिल्हा नव्हता, तो १ जुलै १९९८ला झाला. अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके धुळे जिल्ह्यातच होते. सरदार सरोवर धरण गुजरातेत, पण त्याच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावं येणार होती, आणि त्यातलं पहिलं मणिबेली. १९९३च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं. पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, जगभरातल्या संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी करणारं एक निवेदन काढलं आणि त्याला नाव दिलं मणिबेलीचं. चव्वेचाळीस देशांतल्या संस्थांना आपल्या खान्देशातलं एक पाडा-पाड्यांचं गाव ठाऊक झालं. भुसावळला विचारलं असतं तर मणिबेली हे कोणाच्या आडनावासारखं वाटलं असतं. मलाही तसंच वाटलं होतं.

आमच्या महिला मंडळात चार-पाच जणींनी ठरवलं, काही तरी करू. पत्रक काढलं, दोन डबे रंगवले, पावतीपुस्तकं छापली आणि रेल्वे क्वार्टरांतून फिरायला लागलो. एक आजी दारातच म्हणाली, "काय वं बाई, काय गोया करू राह्यली?" मी म्हटलं, आजी, गावं बुडतायत, त्यांच्यासाठी. ती आत गेली आणि ओंजळभर ज्वारी घेऊन आली. डब्यात पैशांवरच ओतली. तो डबा मग घरी आणून चाळणीने चाळावा लागला.

त्या फेरीतली एक भेट विसरले नाही. सिंधी कॉलनीतली म्हातारी बाई. तिने आमचं सगळं पत्रक वाचायला लावलं, मधे एक अक्षर बोलली नाही. मग विचारलं, "तिथे बायकांना आडोसा आहे का?" मला कळेना. ती म्हणाली, छावणीत अन्न मिळायचं, औषध मिळायचं, पण आडोसा नव्हता. आम्ही बाया दिवसभर पाणी प्यायचो नाही. आमच्या पत्रकात हेक्टर होते, धरणाची उंची होती, लवादाचा निवाडा होता. आडोसा हा शब्द नव्हता. पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवलेल्या घरात बाई कुठे अंघोळ करते, हे आमच्यापैकी एकीनेही विचारलेलं नव्हतं. आणि आम्ही स्वतःला महिला मंडळ म्हणवत होतो.

पैसे थोडे जमले. कपडे मात्र एवढे जमले की आमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. साड्या. नायलॉनच्या, विटलेल्या, फॉल उसवलेल्या. हुक तुटलेले ब्लाउज, एका पायाचा मोजा. कोणी तरी लग्नातला शालू दिला होता, जरीला काळं पडलेलं. आम्ही ते निवडत बसलो तीन दिवस, आणि गाठोडी बांधून निघालो. भुसावळहून सुरतकडची पॅसेंजर, अमळनेर, दोंडाईचा करत नंदुरबार. तिथून एसटीने तळोदा, अक्कलकुवा, मोलगी. पुढे एसटीही नाही. गाठोडी डोक्यावर घेऊन सातपुड्याच्या त्या चढणी आम्ही कशा चढलो ते माझ्या गुडघ्यांना विचारा.

वर पोचलो. बाया जमल्या. अंगावर चांदीचे जड दागिने, ताठ चालणाऱ्या, डोळ्याला डोळा भिडवून बघणाऱ्या बाया. त्यांनी गाठोडं उघडलं आणि एकीने तो शालू उचलून अंगाभोवती धरला. सगळ्या हसत सुटल्या. आम्हीही हसलो, पण आमचं हसू जरा ओशाळं. त्यांचा पेहराव वेगळा. पाचवारी नेसून ती डोंगरातली वाट चढता येत नाही, हे आम्ही नुकतंच अनुभवलं होतं. मग त्यातली एक वयस्क बाई दुभाष्या मुलाकडून म्हणाली, आम्ही नागडे आहोत असं तुम्हाला कोणी सांगितलं? आणि मग दुसरा प्रश्न: तुमच्या गावाला ठाऊक आहे का आमच्याकडे काय चाललंय? मी म्हटलं, हो, म्हणून तर एवढे कपडे दिले. ती म्हणाली, मग एवढी माणसं का नाही आली?

त्या साड्यांच्या पुढे गोधड्या झाल्या, काही फाडून जखमांना पट्ट्या. वाया गेलं नाही काही. पण ती वाट उतरताना आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

त्यानंतर आम्ही ठरवलं, वस्तू नकोत, जागृती करायची. सभा घ्यायच्या, विस्थापित बाईलाच व्यासपीठावर बसवायचं. ही दुसरी चूक, आणि ही जास्त दिवस चालली. एका शहरात, नाव सांगत नाही, मोठी सभा होती. संयोजकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, बाईंना म्हणावं जरा घर बुडताना कसं वाटलं ते सांगा, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. मी तसं तिला सांगितलं. हो, मीच सांगितलं. ती उभी राहिली आणि तिने तिच्या बोलीत यादी सांगायला सुरुवात केली. मोहाची फुलं किती टोपल्या. टोळंबी किती, तिचं तेल किती महिने पुरतं. चारोळी. डिंक. तेंदूची पानं. आंबे किती झाडांचे, त्याचा आमचूर धडगावच्या बाजारात कधी जातो. बांबू. नदी उतरल्यावर गाळावर काय पेरतो. मासे कुठल्या डोहात. बाळंतिणीला कुठलं मूळ उगाळून द्यायचं आणि ते कुठल्या कड्याखाली मिळतं. कोणाच्या घरी धान्य संपलं तर कोणाकडे मागायचं. ती वीसेक मिनिटं बोलली. दुभाष्या दमला. रडली नाही. लोक जांभया द्यायला लागले, पुढच्या रांगेतले दोघं उठून गेले. डबा जवळजवळ रिकामा आला.

संयोजक नाराज झाले. मीही झाले. गाडीत परत येताना ती खिडकीशी बसली होती, मी तिला विचारलं, घराबद्दल का नाही बोललीस? ती म्हणाली, घर तर सरकारने मोजलंय. खांब मोजले, वासे मोजले, कौलं मोजली. जे मोजलं नाही ते सांगत होते.

आता बघा, काय मोजलं नव्हतं? मोह वेचते बाई. टोळंबीचं तेल काढते बाई. आमचूर सुकवते, मुळी शोधते, सरपण आणते, ती बाई. वेचण्याचा सातबारा नसतो. म्हणून भरपाईच्या कागदावर बाईचं सगळं काम शून्य. ती सभेत उभी राहून तो शून्याचा हिशेब भरत होती आणि आम्ही तिच्याकडून अश्रू मागत होतो.

इथे जरा कायद्याचं बोलते, कंटाळू नका. नर्मदा लवादाने डिसेंबर १९७९मध्ये निवाडा दिला. त्या काळाच्या मानाने चांगला होता, जमिनीला जमीन हे त्यात होतं, पात्र खातेदार कुटुंबाला किमान दोन हेक्टर. आणि प्रत्येक सज्ञान मुलगा म्हणजे वेगळं कुटुंब धरायचं, असं म्हटलं होतं. मुलगा. मुलगी नाही. एकाच घरात वीस वर्षांचा भाऊ हे एक कुटुंब, आणि बावीस वर्षांची त्याची बहीण म्हणजे कुणाची तरी अवलंबित. विधवा असेल तर मुलाच्या नावाखाली. नवऱ्याने टाकलेली असेल तर तिला कोणत्या रकान्यात घालायचं, हे तलाठ्यालाही कळायचं नाही. रोख पैसे मिळाले तर ते पुरुषाच्या हातात, आणि हातातून कुठे ते सगळ्यांना माहीत आहे. शहाद्याच्या भिल्ल बायांनी १९७२-७३मध्ये दारूची मडकी फोडली होती, आपल्या शहरी महिला संघटना पुरत्या जन्मल्याही नव्हत्या तेव्हा. उगाच नव्हती फोडली.

त्याच सुमाराला, म्हणजे १९८९-९०ला, शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता, नवऱ्याने बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची. शरद जोशींच्या अर्थकारणाशी आमची भांडणं होती, आजही आहेत, पण सातबाऱ्यावर बाईचं नाव हा प्रश्न त्यांनी गावागावात नेला हे मान्य करायला हवं. बिहारात बोधगयेच्या लढ्यात त्याआधीच बायांनी स्वतःच्या नावे जमीन मागितली आणि मिळवली होती. म्हणजे ही मागणी हवेतली नव्हती. फक्त धरणाच्या यादीपर्यंत ती पोचली नाही. पुढे २००६च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असला पाहिजे असं आलं. २०१३च्या भूसंपादन कायद्यात विधवा, घटस्फोटित, टाकलेली बाई हे स्वतंत्र कुटुंब मानलं गेलं. चांगलं झालं. नर्मदेची यादी तोवर होऊन गेली होती, जमिनी वाटून झाल्या होत्या.

वाटून झाल्या म्हणजे कशा, तेही ऐका. तळोद्याच्या बाजूला १९९०मध्ये २,७०० हेक्टर जंगल या पुनर्वसनासाठी मोकळं करण्यात आलं. सोमावल, रोझवा, पुढे नर्मदानगर, रेवानगर, अशा वसाहती झाल्या. ते जंगल काही रिकामं नव्हतं. आजूबाजूचे आदिवासी तिथे कसत होते, गुरं चारत होते. म्हणजे डोंगरातल्या आदिवासीला खाली आणलं आणि खालच्या आदिवासीच्या पोटावर ठेवलं. हातपंपावर दोन्हीकडच्या बाया भांडायच्या, आणि लोक म्हणायचे, बघा, आदिवासी आपसातच भांडतात.

धरण वाढत गेलं. १९९९ला डोमखेडीत माणसं चढत्या पाण्यात उभी राहिली. १८ ऑक्टोबर २०००ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी बांधकामाला वाट मोकळी केली. २०१७ला दरवाजे बंद झाले. सप्टेंबर २०१९मध्ये पाणी पहिल्यांदा पूर्ण उंचीला, १३८.६८ मीटरला पोचलं. या प्रत्येक टप्प्याला आम्ही डबा फिरवला. आणि प्रत्येक वेळी थोडे कमी पैसे आले. लोक म्हणायचे, अजून चालूच आहे का ते?

चालूच आहे. आणि आता मी या गावाला एक गोष्ट विचारते. सरदार सरोवरच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा ठरलेला आहे. मध्य प्रदेशाचा ५७, गुजरातचा १६. तारेतून येणारी वीज कुठली ते ओळखता येत नाही, आपल्याकडे दीपनगर जवळ आहे म्हणून आपण तिकडे बोट दाखवू. ठीक. मग पाणी? हतनूरच्या ४१ दरवाजांचे फोटो पावसाळ्यात आपण वर्तमानपत्रात कौतुकाने बघतो. तापी-पूर्णेच्या त्या फुगवट्यासाठी रावेर, मुक्ताईनगरकडची गावं उठली आहेत. त्यातल्या एखाद्या घरची लेक या सतरंजीवर बसली असेल. तिला आपण कधी स्टेजवर बोलावलं नाही, कारण ती आपल्यासारखीच बोलते, आपल्यासारखीच साडी नेसते.

म्हणून मी अलीकडे देणगी हा शब्द सोडला आहे. थकबाकी म्हणते. वीजबिलाची थकबाकी भरताना आपण कोणाच्या डोक्यावरून हात फिरवत नाही. भरलेलं बिल फ्रेम करून लावत नाही. यावरून आठवलं. एका गृहस्थांनी जीवनशाळेला मोठी रक्कम द्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, शाळेवर त्यांच्या वडिलांच्या नावाचा फलक आणि उद्घाटनाला मुलं रांगेत उभी. निरोप घेऊन मी वर गेले. गावकरी म्हणाले, कुडाच्या भिंतीला फलक लावला तर भिंत पडेल. मी तो निरोप शब्दशः पोचवला. पैसे आले नाहीत.

जीवनशाळांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पैसे तिकडे जातायत. १९९१-९२च्या सुमाराला चिमलखेडी आणि निमगव्हाणला या शाळा सुरू झाल्या. सरकारी शाळा कागदावर होती, मास्तर पगाराच्या दिवशी दिसायचा. लोकांनी स्वतः कूड बांधले, त्यांच्यातलीच शिकलेली मुलं शिक्षक झाली, पावरी आणि भिलोरीतून अक्षरं शिकवली. लढाई-पढाई साथ साथ, ही त्यांची घोषणा. आईबाप धान्य द्यायचे, उरलेलं बाहेरून. बाहेरून म्हणजे अशाच डब्यांतून. काही शाळांची जागा बुडाली, त्या वर सरकवून पुन्हा उभ्या केल्या. शाळा उचलून वर नेणं म्हणजे काय, तर खांब, फळा, भांडी, तांदळाची पोती आणि मुलं. तुमच्या आजच्या ताटाचं होईल ते मुलांचं धान्य-तेल आणि शिक्षकांचं थोडंसं मानधन. बाकी काही नाही.

आणि दुसरा भाग वसाहतीतल्या बायांच्या खेपांसाठी. जमीन भावाच्या नावे, नवऱ्याच्या नावे, मेलेल्या सासऱ्याच्या नावे, आणि कसतेय ती. वारसनोंदीसाठी तळोदा, नंदुरबार अशा खेपा घालायच्या. एक दिवस गेला की एक मजुरी बुडाली. कार्यालयात सांगतात, साहेब दौऱ्यावर आहेत. हा खर्च कोणत्याही योजनेत बसत नाही. एसटीचं भाडं, फोटो, झेरॉक्स, आणि दुपारी एक चहा-वडापाव. उपाशी बाई साहेबाशी नीट भांडू शकत नाही, हा माझा अनुभव.

आता शेवटचं. येण्याआधी मी जुनी ट्रंक उघडली. १९९३च्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती अजून आहेत. वाळवी लागली आहे, पण वाचता येतात. मी एक एक नाव वाचत गेले. श्री. अमुक, श्री. तमुक. पानामागून पान श्री. दार उघडलं होतं बाईने, दोन रुपये काढले होते तिने डाळीच्या डब्यातून, त्या आजीने ज्वारी ओतली होती स्वतःच्या ओंजळीने. आणि पावतीवर? नवऱ्याचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात 'ह. सौ.' — हस्ते सौभाग्यवती. त्यापुढे काही ठिकाणी तेही नाही. लिहिलंय कोणी? अक्षर माझंच आहे. मी दारात विचारायची, "पावती कोणाच्या नावाने फाडू?" आणि ती म्हणायची, "यांच्याच नावाने फाडा." मी फाडायची. तलाठ्याच्या यादीवर मी भाषणं ठोकत होते आणि माझ्या हातातली यादी तशीच होती. फरक एवढाच, की आमच्या यादीत ती निदान 'हस्ते' तरी होती.

त्या सिंधी आजींची पावती शोधली. तीही मुलाच्या नावाने आहे. त्यांचं नाव काय होतं ते मला आज सांगता येणार नाही.

तर दाराशी टेबल मांडलं आहे. ताटाचे पैसे दिलेत त्याची पावती अजून फाडलेली नाही, मीच थांबवायला सांगितलं होतं. जाताना घ्या, आणि आपलं नाव सांगा. सौ. नको, यांचं नको, वन्सं भरतील तेव्हा बघू असंही नको. स्वतःचं नाव, आणि माहेरचं लावत असाल तर माहेरचं. भाऊ लोकांनी त्यांचं सांगावं, त्यांना बंदी नाही. चुलीपाशी ज्या आहेत त्यांच्या दिवसाच्या मजुरीचा आकडाही निधीत धरायचा आहे, म्हणून त्यांच्याही नावाच्या पावत्या फाडायच्या आहेत. त्यांची नावं माझ्याकडे अर्धीच आहेत, कोणी तरी आत जाऊन विचारून या. वहीत एक रकाना 'सोबत येणार' असा आहे. पावसाळ्यानंतर आम्ही वर जाणार आहोत. ज्यांना यायचं त्यांनी नावापुढे खूण करा. कपडे आणू नका.

सुटे पैसे टेबलावर नाहीत, पाचशेच्या नोटा पुढे करू नका. चला, भाकरी गार होतायत.